एक तारखेचा पगार आणि टँकरचं पाणी

पुण्याच्या आसपास नव्यानं राहायला आलेल्या कुणालाही "इकडे कसे काय?" असं विचारलं की "नोकरीसाठी" हेच उत्तर येतं. ते खोटं नसतं, पण त्यातून कळत काहीच नाही. चाकणला कंत्राटी हेल्परला पंधरा-सोळा हजार मिळतात. खोली, मेस आणि गावाकडच्या दोन-चार फेऱ्या वजा केल्या की उरणारा आकडा चारचौघांत सांगावा असा नसतो. तरी माणूस येतो, राहतो आणि पुढच्या वर्षी चुलतभावाला घेऊन येतो.

थोडा हिशेब मांडून पाहू. कृषी गणनेनुसार १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ पर्यंत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे दोन पिढ्यांच्या वाटण्यांत साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. सव्वातीन एकरांत सोयाबीन धरलं आणि पाऊस वेळेवर पडून एकरी आठ क्विंटलचा उतारा मिळाला, तर २६ क्विंटल माल होतो. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजार समितीत ४,२०० च्या आसपास विकणारेच जास्त. त्या भावानं एक लाख नऊ हजार झाले. बियाणं, खत, तणनाशक, फवारणी, काढणी आणि मळणीचा एकरी चौदा हजार खर्च धरला, तर हातात त्रेसष्ट-चौसष्ट हजार उरतात. घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही.

आता कारखान्याकडे बघा. पंधरा हजारांप्रमाणे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. राहण्या-खाण्याचे महिना सहा हजार आणि पीएफची कपात काढली की नव्वद हजारांच्या आसपास राहतात. साठ आणि नव्वद हजारांत फरक आहे, पण घरदार सोडावं एवढा नाही. खरा फरक पैसा कधी येतो यात आहे. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच, दिवाळीच्या आगेमागे येतो आणि आधी कृषी सेवा केंद्राची उधारी खातो. ऑक्टोबरात काढणीला पाऊस आला तर येतही नाही. पगार मात्र महिन्याच्या सात किंवा दहा तारखेला जमा होतो. बोलताना आपण त्याला अजून 'एक तारखेचा पगार' म्हणतो, ते सोडा. तारीख ठरलेल्या पैशाला हप्ता जोडता येतो. मोटरसायकल, मोबाइल, बहिणीच्या लग्नासाठी घेतलेलं कर्ज आणि पुढे फ्लॅट, सगळं त्याच तारखेवर उभं राहतं. माणसं जास्त पैशासाठी शहरात येतात असं म्हणण्यापेक्षा तारखेच्या पैशासाठी येतात असं म्हणणं जास्त खरं आहे, असं माझं मत आहे.

लग्नाच्या बाजारातही ही तारीख चालते. 'मुलगा पुण्याला असतो' या वाक्यात मुलगा काय करतो हे सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोक हसले. पण घसरलेलं मुलींचं प्रमाण आणि शेती करणाऱ्याला मुलगी न देण्याचा कल या दोन्ही गोष्टी त्या मोर्च्यामागे होत्या. ज्यांचं लग्न गावात जमत नाही, त्यांतले बरेच पुढच्या जूनमध्ये भोसरीत कामाला लागलेले दिसतात.

बायकांचं येणं मात्र आकड्यांत नीट दिसत नाही. जनगणनेत स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण 'विवाह' असतं, कारण लग्न करून गाव बदलणारी प्रत्येक बाई त्यात मोजली जाते. नवऱ्यामागे चिखलीत आलेली आणि सहा महिन्यांत तळवड्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला लागलेली बाई कागदावर लग्नासाठी आलेलीच राहते.

तारखेचा पगार पुण्याभोवतीच का गोळा झाला, याचं उत्तर जुनं आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा कारखान्यांनी भरला. चार गावांची १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. २००१ मध्ये पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती, २०११ मध्ये १७ लाख २७ हजार झाली. दहा वर्षांत सत्तर टक्के! त्याच दहा वर्षांत बृहन्मुंबई चार टक्केही वाढली नाही, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. हिंजवडीचं आयटी पार्क, चाकणच्या वाहन कंपन्या आणि द्रुतगती महामार्ग हे सगळं याच काळातलं. मोठी कंपनी आली की तिला सुटे भाग पुरवणारे शंभर छोटे कारखाने मागून येतात, आणि नोकऱ्या जास्त असतात त्या या छोट्यांत.

तारीख पक्की असली तरी नोकरी पक्की असतेच असं नाही. औद्योगिक विवाद कायद्यानं बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की एका वर्षाची सलग सेवा धरली जायची. म्हणून बरेच ठेकेदार सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' देतात आणि त्याच माणसाला दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा घेतात. या खेळात पीएफची खाती अनेक होतात, पण यूएएन, म्हणजे ही सगळी खाती जोडणारा पीएफचा कायमचा नंबर, एकच असायला हवा. नवा ठेकेदार नवा यूएएन काढतो म्हणाला तर जुना नंबर पुढे करायचा. दर महिन्याला पासबुकात नोंद पडते का, हे मोबाइलवर बघायचं. स्लिपवर कपात आणि पासबुकात शून्य, ही नेहमीची भानगड आहे. ईएसआयचंही, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचंही, तसंच. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर आपल्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यावर घरच्यांनाही उपचार मिळतात, पण कार्डावर घरच्यांची नावं चढवलेली असतील तरच. ती चढवायची राहून जातात आणि दवाखान्यात गेल्यावर आठवतात.

आलेला माणूस कुठे उतरतो, ते बहुतेक वेळा गावच्या रस्त्यावरून ठरतं. विदर्भ, नांदेड, परभणीच्या ट्रॅव्हल्स नगर रस्त्यानं येतात, म्हणून वाघोली, खराडी, चंदननगर भागात तिकडची माणसं भरपूर. सोलापूर आणि बार्शीकडून येणाऱ्यांना हडपसर, मांजरी, फुरसुंगी जवळचं. सातारा, भोरकडचे कात्रज-धनकवडीला आणि संगमनेर, जुन्नरकडचे मोशी-भोसरीला. पहाटे चार वाजता गाडीतून पोतं, पिशव्या घेऊन उतरलं की रिक्षाला जेवढे कमी पैसे लागतील तेवढं बरं. शिवाय पाव्हणा आधीच तिथे असतो. पहिले दोन महिने त्याच्या खोलीत चौथा-पाचवा माणूस म्हणून काढायचे, त्याच्याच सुपरवायझरकडे चिकटायचं, त्याच्याच मेसला डबा लावायचा. शहराच्या नकाशावर हे उपनगर असेल, पण येणाऱ्यासाठी ते गावाचं शेवटचं स्टॉप असतं.

पाव्हण्याकडून निघून स्वतःची खोली घेताना कागद लागतो, आणि इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. अकरा महिन्यांचा करार पाचशेच्या स्टँपवर नोटरी केला की झालं, असं घरमालक सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदणी करावीच लागते, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे सांगितल्यावर बरेच मालक शांतपणे तयार होतात. मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं आणि ते मुदतीचं एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. पंधरा हजार भाडं आणि पन्नास हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचे चारशे-पाचशे रुपये होतात. वर शहरी भागात एक हजार नोंदणी फी आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटचं जे ठरेल ते. हाच करार पुढे गॅस, बँक, शाळा सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे हे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

यानंतर काही वर्षांनी फ्लॅटचा विषय निघतो आणि घर आणखी बाहेर सरकतं. मधल्या शहरातून बाहेर जाणारी आणि गावाकडून आत येणारी अशी दोन्ही माणसं एकाच बिल्डिंगमध्ये भेटतात ती इथे. बाहेर स्वस्त मिळतं हे सगळेच म्हणतात. किती स्वस्त, ते जरा आकड्यांत बघायला हवं.

पन्नास लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. मुद्रांक शुल्क सात टक्के म्हणजे साडेतीन लाख, नोंदणी फी तीस हजार आणि जीएसटी पाच टक्के म्हणजे अडीच लाख. करारावरच्या किमतीखेरीज सहा लाख तीस हजार झाले. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक, नोंदणी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे दहा लाख आणि सव्वासहा लाख, मिळून सोळा लाखांहून जास्त आपल्या खिशातून. चाळीस लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३४,७०० च्या आसपास बसतो. पहिल्या हप्त्यातले अठ्ठावीस हजार नुसतं व्याज असतं. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, इथे पन्नास हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतला की ती सवलत जाते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही. ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेल्या बांधकामाधीन फ्लॅटला तो एकच टक्का आहे. जाहिरातींत '४४.९९ लाख' हा आकडा इतका का दिसतो, ते यावरून लक्षात यावं.

आता पाणी. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे नेहमीचं प्रमाण धरा. चौघांच्या घराला ५४० लिटर आणि दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला एक लाख आठ हजार लिटर. महापालिकेची लाइन नसेल किंवा नावापुरती असेल, तर दहा हजार लिटरचे अकरा टँकर रोज. टँकरला हजार रुपये धरले तर महिन्याला सव्वातीन लाखांच्या वर, म्हणजे प्रत्येक फ्लॅटमागे साधारण १,६५० रुपये मेंटेनन्समध्ये चढतात. एप्रिल-मेमध्ये हजारात टँकर मिळेलच असं नाही. बोअरचं पाणी पहिल्या दोन-तीन वर्षांत भरपूर असतं. मग शेजारी आणखी चार टॉवर उभे राहतात आणि सगळ्यांच्या बोअर एकाच खडकातून ओढायला लागतात. बांधकामाची परवानगी घेताना बिल्डर महापालिकेला लिहून देतो की पालिका पाणी देईपर्यंत सोय मी करीन. सोसायटी नोंदली गेली आणि हिशेब रहिवाशांकडे आला की टँकरचं बिलही त्यांच्याकडे येतं, आणि त्या कागदाची प्रत कुणाकडेच नसते. फ्लॅट घेतानाच ती मागून घ्यावी.

याच हिशेबात एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते. १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला जातात. मोठ्या प्रकल्पांत सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा बसवलेली असते आणि फ्लशची वेगळी लाइनही टाकलेली असते. ती चालवली तर अकराऐवजी सात-आठ टँकर पुरतात. बहुतेक ठिकाणी ती बंद असते, कारण विजेचं बिल आणि ऑपरेटरचा पगार कमिटीला दिसतो आणि वाचणारे तीन टँकर दिसत नाहीत. शिवाय नीट हवा न मारल्यामुळे फ्लशच्या पाण्याला वास येतो, लोक ओरडतात आणि यंत्रणेलाच कुलूप लागतं. फ्लॅट बघायला गेल्यावर क्लबहाऊसपेक्षा तळघरातली ही खोली उघडायला सांगा. ब्लोअर चालू आहे का, एवढं कानांनी ऐकलं तरी पुरे.

पाण्यात प्रवास मिळवा. वाघोलीत राहून हिंजवडीला कामाला जाणाऱ्याचं रोजचं येणं-जाणं साठ किलोमीटरच्या वर. पंचवीस दिवसांचे पंधराशे किलोमीटर, दुचाकीला साडेतीन हजारांचं पेट्रोल. टँकर आणि पेट्रोल मिळून पाच हजार दीडशे. इतका हप्ता सुमारे सहा लाखांच्या कर्जाचा असतो. म्हणजे टँकरवर चालणारा, लांबचा फ्लॅट सहा लाखांनी स्वस्त असेल तर तो स्वस्त नाहीच, बरोबरीत आहे. वेळ धरलेला नाही.

मग लोक घेतात कशासाठी? त्यांना हिशेब येत नाही म्हणून नव्हे. अडचण महिन्याच्या पैशाची नसते, सुरुवातीच्या गठ्ठ्याची असते. सोळा लाख जमवताना पीएफ काढलेला असतो, सोनं बँकेत ठेवलेलं असतं, गावचा एकरभर तुकडा भावाला दिलेला असतो. सहा लाखांनी महाग फ्लॅट म्हणजे आणखी दोन लाख रोख, आणि ते कुठूनच येणार नसतात. टँकरचे १,६५० मात्र पगारातून महिन्याला निघतात. तारखेचा पैसा असलेला माणूस महिन्याचं ओझं वाढवून घेतो आणि गठ्ठा टाळतो. उपनगरं या एका गोष्टीवर वाढतात. बिल्डर लोकांना हे फार आधीपासून माहीत आहे.

मुंबईत हेच रेल्वेच्या रुळांवर घडलं. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली आणि ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर गेला. बदलापूर, विरार लांब असले तरी तिथे लोकलचा पास आहे आणि गाडीला वेळापत्रक आहे. पुण्यात उपनगरं आधी झाली आणि वाहन नंतर. मेट्रो पहिल्यांदा धावली ती मार्च २०२२ मध्ये. पीएमपीच्या बसच्या भरवशावर शिफ्ट गाठता येत नाही, म्हणून घराच्या आधी दुचाकीचा हप्ता सुरू होतो.

रस्त्यांचं तर काय सांगावं. बैलगाडीची पाणंद डांबर टाकून रस्ता म्हणून वापरायची आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा मजले चढवायचे, असा हा क्रम आहे. रुंदीकरणाची जागा तोवर इतकी महाग झालेली असते की मालकाला टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा जादा बांधकामाचा हक्क) नको असतो, रोख हवी असते. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर करायचा ठरला होता, भूसंपादन जमेना म्हणून तो ५० मीटरवर आणला गेला, आणि तेही काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. हिंजवडीची गंमत वेगळी. आयटी पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे, आजूबाजूची वस्ती ग्रामपंचायतींची, परवानग्या पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाच्या, आणि वाकडचा पूल ओलांडला की महापालिका. खड्डा कुणाचा हे ठरेपर्यंत पावसाळा संपतो.

गाव महापालिकेत आलं की सुधारणा होते, असं मानून घर घेणारेही खूप. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली गेली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे बाहेरही काढली. हद्द एका दिवसात बदलते, जलशुद्धीकरण केंद्र त्या दिवशी बांधून होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, तिथलं नांदेड गाव आणि किरकटवाडीकडे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा आधी पाण्याकडेच बोट गेलं. खडकवासला धरणाला खेटून असलेल्या या गावांना नीट शुद्ध न झालेलं पाणी मिळत होतं.

ज्यांना सोळा लाखही जमत नाहीत ते गुंठ्याकडे वळतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, त्यातला अर्धा घेणारेही आहेत. जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या छोट्या तुकड्याची सरळ नोंदणी होत नव्हती, म्हणून दहा-बारा जणांच्या नावे सामाईक खरेदीखत किंवा नुसतं नोटरीचं साठेखत करायची चाल पडली. पिंपरी-चिंचवडमध्ये अशा अर्ध्या-एक गुंठ्यावरच्या हजारो घरांना शास्तीकर, म्हणजे अनधिकृत बांधकामाचा दंड, लागला होता, मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत. तो माफ व्हायला २०२३ उजाडलं. कर माफ झाला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हे अजूनही अनेकांना ठाऊक नाही. बँक अशा घराला कर्ज देत नाही, म्हणून पतसंस्थेचं जास्त व्याजाचं कर्ज काढावं लागतं.

आता हीच चाल शिरूर, यवत, खेड-शिवापूरकडे निघाली आहे. 'रिंग रोडपासून पाच मिनिटं' असे फलक शेतात उभे आहेत. असा प्लॉट बघायला जाताना सातबारा ऑनलाइन स्वतः काढावा, दलालानं दिलेली झेरॉक्स घेऊ नये. वरची नावं सगळेच वाचतात. उजवीकडचा 'इतर अधिकार' हा रकाना आधी वाचा: बोजा, कुळ, भूसंपादनाची नोंद, बहिणींची नावं, जे काय असेल ते तिथे असतं. फेरफार क्रमांक दिलेला असेल तर तोही तलाठ्याकडून उघडून घ्या, आणि मग जमलं तर मे महिन्यात, संध्याकाळी सहा वाजता, तिथे जाऊन शेजारच्या घरी पाणी कुठून येतं ते विचारा.